वासराला काय चारायचं? आधी विचारा, कुठल्या पोटात जाणार!

नव्याने गोठा घातलेल्या माणसाकडे गेलो, की मी गायींच्या आधी वासरं कुठे बांधलीत ते बघतो. बहुतेक ठिकाणी चित्र ठरलेलं असतं. वर फळीवर लिव्हर टॉनिकची बाटली, कॅल्शियमचा कॅन, मोबाइलवर कुणीतरी सांगितलेल्या गावरान चूर्णाचा डबा. खाली दाव्याला बांधलेली कालवड, आणि तिच्यापुढे साधं पाण्याचं घमेलं नाही.

घरगुती, नैसर्गिक पूरक खाद्याला माझा विरोध नाही. शेवगा, हळद, ओवा, मेथी, ताक हे सगळं मी स्वतः वापरतो. पण नवीन माणूस सुरुवातच तिथून करतो. वरणाला फोडणी छान बसली, पण डाळच शिजलेली नाही, अशी गत होते. म्हणून डाळीपासूनच सुरू करू.

आधी पोट समजून घ्या

गायीला चार कप्प्यांचं पोट असतं हे शाळेत शिकलेलं असतं. वासरालाही चारच असतात, पण जन्मतः त्यातलं चौथं, म्हणजे खरं पोट, तेवढं कामाला लागलेलं असतं. पहिलं मोठं कोठीपोट, जिथे पुढे चारा आंबणार आणि जिथून रवंथ होणार, ते रिकाम्या पिशवीसारखं पडून असतं. वासरू मान वर करून चोखायला लागलं, की अन्ननलिकेच्या शेवटाला एक पन्हाळ तयार होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. पाणी, भरडा आणि चारा मात्र कोठीपोटात जातात.

म्हणजे वासराला एकाच वेळी दोन वेगळी पोटं चालवायची असतात. कुणी काहीही चारायला सांगितलं की मी एकच प्रश्न विचारतो: हे कुठल्या पोटात जाणार?

गूळच घ्या. अशक्त वासराला दुधातून गुळाचं पाणी पाजायची पद्धत घरोघरी आहे. पण गूळ आणि साखर पचवायला जो पाचकरस लागतो, तो वासराच्या आतड्यात जवळजवळ नसतोच. न पचलेला गूळ आतड्यात पाणी ओढून घेतो आणि हगवण लागते. तोच गूळ चिमूटभर कोरड्या भरड्यात मिसळला, तर कोठीपोटातले जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि वासरू आवडीने खातं. वस्तू तीच, पोट वेगळं.

पेजेचंही तसंच. दूध डेअरीला जावं म्हणून वासराच्या वाट्यात तांदळाची पेज किंवा ज्वारीची कण्हेरी मिसळणारे पुष्कळ आहेत. पहिले तीन आठवडे तरी वासराला पिठूळ पदार्थ आतड्यात नीट पचत नाहीत. पोट भरल्यासारखं दिसतं, आणि आठवडाभरात शेपटी घाण व्हायला लागते.

आजीच्या काळात हे सगळं चालायचं, असं लोक म्हणतात. चालायचं, पण आजीकडे खिल्लार नाहीतर डांगी गाय होती आणि वासरू दिवसभर आईच्या कासेला लागत होतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बायफ ही संस्था सुरू केली, संकरित गायी गावोगावी पोचल्या, आणि वासराला आईपासून तोडून बादलीवर पाजायची रीत रुळली. बादलीतलं वासरू घाईने गटागटा पितं, पन्हाळ नीट मिटत नाही आणि दूध कोठीपोटात सांडून तिथेच नासतं. मग पोट फुगतं. म्हणून बादलीपेक्षा निपलची बाटली बरी, आणि ती धरायची वासराच्या खांद्याच्या उंचीवर.

पहिली पायरी: चीक

गायीच्या गर्भात आईची रोगप्रतिकारशक्ती वासराला मिळत नाही. ती सगळी चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून येते. आतड्याची दारं त्यासाठी उघडी असतात ती पहिले काही तास. चोवीस तासांनी बंद. ३५ किलोच्या संकरित वासराला पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे साडेतीन लिटर चीक गेला पाहिजे. त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत.

"वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही" हे वाक्य तुमच्या गावातही कुणीतरी म्हणेलच. ऐकू नका. वार, म्हणजे व्यायल्यावर पडणारा जार, पडायला कधी कधी दहा-बारा तास लागतात आणि तोवर दारं मिटत आलेली असतात. खरवस करायचाच असेल तर वासराचं भागल्यावर उरलेल्याचा करा.

शेजारी द्राक्ष किंवा डाळिंबवाला असेल, तर त्याचा साखर मोजायचा ब्रिक्स मीटर मागून आणा. थंड झालेल्या चिकाचा एक थेंब काचेवर टाका. बावीस किंवा त्याच्या वर आकडा आला तर चीक चांगला. नाशिक-सांगलीकडे हे यंत्र बागायतदारांकडे सहज सापडतं, आणि गोठ्यावर याचा असा उपयोग होतो हे त्यांनाही माहीत नसतं.

नाळेला हळद लावू नका. टिंक्चर आयोडीनच्या छोट्या वाटीत नाळ बुडवा, दिवसातून दोनदा, सुकेपर्यंत. हळद गुणकारी आहे, पण ओल्या नाळेतून आत शिरणाऱ्या जंतूंना अडवायला ती पुरत नाही.

दुसरी पायरी: दूध आणि पाणी

रोज वजनाच्या साधारण दहा टक्के दूध, दोन वेळेत वाटून, अंगाच्या उबेइतकं कोमट. दोन महिन्यांत एक वासरू दोनशे-सव्वादोनशे लिटर दूध पितं. हा आकडा ऐकून नव्या माणसाचा हात आखडतो, ते कळतं. पण इथे वाचवलेले पैसे पुढे औषधाच्या दुकानात जातात. वेळ आणि माप रोज तेच ठेवा. बाटली आणि निपल प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवा. न धुतलेल्या निपलमुळे बिघडलेली वासरं टॉनिकने सुधारताना मी पाहिली नाहीत.

पाणी चौथ्या दिवसापासून पुढ्यात ठेवा. "दूध पितंय की, पाणी कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी: दूध चौथ्या पोटात जातं, आणि कोठीपोटातल्या जिवाणूंना वाढायला ओल लागते, ती पाण्यानेच मिळते. पाणी नसेल तर वासरू भरडाही खात नाही.

तिसरी पायरी: खुराक

कोठीपोटाच्या आतून बारीक बोटांसारखी लव वाढते आणि तिच्यातून पुढे सगळं पोषण रक्तात जातं. ही लव वाढवतं ते धान्य. भरडा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांनी लव वाढते. नुसत्या गवताने पोट मोठं दिसतं, पण लव खुंटलेली राहते. चारा खाऊन गरगरीत पोट झालेलं आणि बरगड्या मोजता येतील असं वासरू पाहिलं असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून खुराक सुरू करा. बाजारात वासरांचा तयार खुराक मिळतो; घरी करायचा तर शंभर किलोला माझं प्रमाण असं आहे:

मक्याचा भरडा ४८ किलो
शेंगदाणा पेंड ३० किलो
गव्हाचा कोंडा १९ किलो
खनिज मिश्रण २ किलो
मीठ १ किलो

यात प्रथिनं साधारण वीस टक्क्यांच्या आसपास येतात आणि या वयाला तेवढी लागतात. मका दाणेदार भरडा, पीठ करू नका. पीठ नाकातोंडाला चिकटतं. शेंगदाणा पेंड खवट किंवा बुरशी लागलेली असेल तर तिची पै न् पै गेली असं समजून फेकून द्या, कारण त्या बुरशीचं विष यकृतावर बसतं आणि मग लिव्हर टॉनिकची बाटली आणावी लागते. पेंडीची खात्री नसेल तर सोयाबीनची पेंड वापरा. घरचं कच्चं सोयाबीन मात्र दळून घालू नका, ते पचत नाही.

सुरुवातीला वासरू खाणार नाही. दूध पिऊन झालं की चोखायची हुक्की असते, तेव्हा मूठभर भरडा तोंडाला लावा. पुढ्यात ठेवायचा तो थोडा आणि कोरडा. गायीसारखं आंबोण भिजवून ठेवलं तर दुपारपर्यंत आंबतं, माशा बसतात. रोज सकाळी उरलेलं काढून गायीला घाला, वासराला ताजं.

आता पूरक खाद्य

इथवर जमलं असेल तर आता फोडणी.

युरोपात १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी आली. भारतातही २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद झालं. अशा बंदींनंतर ओवा, लसूण, हळद यांचे अर्क घातलेली खाद्यं जगभर जास्त विकायला लागली. आपल्या मिसळणाच्या डब्यातलीच नावं त्या पोत्यांवर छापून येतात, याची गंमत वाटते.

मी दहा किलो खुराकात ५० ग्रॅम ओवा, ५० ग्रॅम बडीशेप, ५० ग्रॅम मेथी आणि ३० ग्रॅम हळद मिसळतो. ओवा-बडीशेप हलकी भाजून जाडसर कुटायची. दिवसाला अर्धा किलो खुराक खाणाऱ्या वासराच्या पोटात यातला प्रत्येक मसाला दीड ते अडीच ग्रॅम जातो. ते पुरे. वास चांगला येतो म्हणून वासरू खुराकाला लवकर लागतं, आणि मला वाटतं यातला निम्मा फायदा तोच आहे. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं जातं; तिचं काम मुख्यतः आतड्यातच चालतं, म्हणून जास्त घालून जास्त गुण येत नाही. हळद शक्यतो हळकुंड आणून घरी दळलेली. पिवळीजर्द दिसावी म्हणून शिशाचा रंग चोळलेली पूड बाजारात येते, ती माणसालाही नको.

शेवगा हे माझ्या मते बांधावरचं सर्वात कामाचं झाड. वाळलेल्या पाल्यात साधारण पंचवीस टक्के प्रथिनं असतात आणि कॅल्शियमही भरपूर. पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. हिरवा रंग राहिला पाहिजे. चार-पाच किलो ओल्या पाल्याचा साधारण एक किलो होतो. पहिल्या महिन्यानंतर खुराकात शंभराला पाच या प्रमाणात पूड घाला आणि तेवढाच कोंडा कमी करा. ओला पाला दोन महिन्यांनंतर, मूठभर. शेवग्याच्या जोडीला लसूणघास. कापल्या कापल्या, दव असताना घालू नका, पोट फुगतं. अर्धा दिवस सुकवून घाला.

अझोला, म्हणजे पाण्यावर वाढवतात ती बारीक हिरवी वनस्पती, तिच्याबद्दल थोडं कडवट बोलतो. प्लॅस्टिकचे वाफे, शेणकाला, आणि वर हिरवी मखमल. फोटो छान येतो. वाळलेल्या अझोल्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिनं असतात हे खरं आहे. पण ओला अझोला म्हणजे ९३-९५ टक्के पाणी. एक किलो ओल्या अझोल्यातून हाताला लागतात ती बारा-पंधरा ग्रॅम प्रथिनं. तेवढी मूठभर शेंगदाणा पेंडीत मिळतात. तीन महिन्यांपुढच्या कालवडीला पाव किलो, तीन पाण्यांतून धुऊन, हिरव्या चाऱ्याला जोड म्हणून द्या. खुराकाच्या जागी नको. लहान वासराला तर नकोच, शेणकाल्याच्या पाण्यातले जंतू त्याच्या पोटात कशाला घालायचे?

ताजं, गोड ताक दोन-तीन आठवड्यांनंतर वाटीभर चालतं. त्यातले आंबवणारे जिवाणू आतड्यात वाईट जिवाणूंना जागा देत नाहीत. दोन दिवसांचं आंबट ढोण ताक मात्र झाडाला ओता.

लसणाच्या एक-दोन पाकळ्या ठेचून भरड्यात घातल्या तर हरकत नाही. जास्त नको, आणि का नको ते पुढे येतंच आहे.

खनिज मिश्रण नैसर्गिक नाही म्हणून टाळणारे भेटतात. वासरू भिंत चाटतं, माती खातं, दुसऱ्याचे केस ओढतं, तेव्हा त्याला मीठ-खनिजं कमी पडत असतात किंवा जंत झालेले असतात. त्याला मुसकं बांधून माती तोंडात जायची थांबते, पण कमतरता तशीच राहते. पोत्यावर आयएसआयची खूण बघून मिश्रण घ्या.

नैसर्गिक आहे, तरी नको

सरकी पेंड. गायीला आपण पोत्याने घालतो, म्हणून वासराच्या घमेल्यातही सहज पडते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या जनावराचं कोठीपोट ते निकामी करतं. वासराचं कोठीपोट अजून तयार नसतं, त्यामुळे ते हृदयावर आणि यकृतावर जातं. चार महिन्यांच्या आत सरकी नाही. युरिया घातलेलं खाद्य किंवा चारा सहा महिन्यांच्या आत नाही.

कांदा. भाव पडला की नाशिक-नगरकडे सडका कांदा गोठ्यात येतो. कांद्याने जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. लसणाचंही जास्त प्रमाण त्याच वाटेने जातं. वासराला टाकाऊ कांदा अजिबात नको.

आणि नळकांड्याने पाजलेला काढा. जीभ ओढून, मान वर करून जबरदस्तीने ओतलेला काढा श्वासनलिकेत जातो, आणि दोन दिवसांनी फुप्फुसाचा आजार उभा राहतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षात एक गोऱ्हा असा गमावला आहे. काढा चांगला होता, त्यात काही चूक नव्हती. वासरू आपणहून पीत किंवा खात नसेल, तर मसाला भरड्यातून द्या किंवा देऊ नका.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने जिरे, मेथी, हळद, कढीपत्ता अशा वस्तूंचे पारंपरिक पशुउपचार प्रसिद्ध केले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. पण त्यातलं माप बहुतेक मोठ्या गायीचं असतं. चारशे किलोच्या गायीचा गोळा चाळीस किलोच्या वासराला द्यायचा नसतो.

हगवण लागली तर

पातळ शेणाने वासरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिला उपाय पाणी. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं पाकीट पुरेशा कोमट पाण्यात कालवून, एका वेळी लिटर-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. घरी साखर-मीठ-पाणी करू नका. गुळाचं सांगितलं तेच साखरेचं. दूध बंद करू नका. ओआरएस मात्र दूध दिल्यावर दोन तासांनी द्या, कारण त्यातल्या क्षारांनी चौथ्या पोटात दुधाचं दही जमायला अडथळा येतो.

डाळिंबाची वाळलेली साल किंवा बेलफळाचा गर तुरट असल्याने शेण घट्ट करतो. चिमूटभर पूड पाण्यातून द्यायला हरकत नाही, पण गेलेलं पाणी त्याने भरून निघत नाही.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली नाही, डोळे खोल गेले, तोंडात बोट घातल्यावर वासरू चोखत नाही, किंवा शेणात रक्त दिसलं, तर त्याच तासाला डॉक्टरांना फोन. इथे कुठलीही पाककृती चालत नाही.

जंतांचं थोडक्यात. म्हशीच्या पारड्याला आईच्या दुधातूनच गोल जंत येतात. पळसाचं बी, वावडिंग ही जुनी औषधं आहेत, पण पंधरा दिवसांच्या पारडाला त्यांचं माप चुकलं तर महागात पडतं. दहा ते पंधरा दिवसांच्या दरम्यान डॉक्टरांकडून जंताचं औषध घ्या, पुढे ते सांगतील तसं.

टेप आणि वही

एवढं करून गुण आला का, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिंप्याचा टेप आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर ३६ आणि लांबी ३४ असेल तर साधारण ६७ किलो.

दर महिन्याच्या एक तारखेला मोजून वहीत लिहा. संकरित कालवडीने दिवसाला अर्धा किलो धरलं पाहिजे. ३५ किलोची कालवड या गतीने पंधरा महिन्यांत २६० किलोवर जाते, म्हणजे रेतनाला येते. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खायला लागली, की आठवडाभरात टप्प्याटप्प्याने दूध तोडा. साधारण आठ ते दहा आठवड्यांत हे होतं.

एखाद्या महिन्यात आकडा दहा किलोही वाढला नाही, तर नवीन चूर्ण शोधू नका. आधी पाण्याचं घमेलं रात्री रिकामं राहतं का ते बघा. मग खुराक खरोखर वासरूच खातं की शेजारची गाय मान लांब करून संपवते, ते बघा. मग पेंडीचा वास घ्या, शेण बघा, जंताच्या औषधाची तारीख वहीत शोधा. माझ्या गोठ्यात आजवर बहुतेक वेळा ती शेजारची गायच निघाली आहे.